सातपूरच्या गॅलरीत जिवंत माती : नवशिक्यांसाठी

आजचा विषय छोटा आहे, एका ग्रो बॅगेएवढा. सातपूरसारख्या भागात, दोन खोल्यांच्या घरात, शेतीचा काहीही अनुभव नसलेल्या माणसाला घरातल्या घरात जिवंत माती तयार करता येईल का? आणि त्या मातीत खाण्यासारखं काही पिकेल का? आमचं उत्तर 'हो' असं आहे. मात्र त्याला एक अट आहे, ती थांबण्याची. ही अट भल्याभल्यांना जड जाते, म्हणून आज तिच्यावरच जास्त बोलणार आहोत.

आमच्याकडे विचारायला येणारा नवशिका साधारण असा असतो. औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये काम करतो. सुट्टीच्या दिवशी रोपवाटिकेतून चार रोपं, एक पोतं माती आणि एक टॉनिकची बाटली आणतो. पहिले पंधरा दिवस सगळं छान. मग खालची पानं पिवळी पडायला लागतात. तो बाटलीतलं औषध घालतो, तर पानांच्या कडा जळतात. मग तो पाणी वाढवतो. महिनाभरात रोप जातं आणि तो म्हणतो, "आमच्या हाताला यशच नाही." हाताचा यात काही दोष नसतो. पोत्यातली माती मेलेली होती आणि वरून दिलेलं खत पचवायला तिच्यात कुणी नव्हतं, एवढीच गोष्ट असते.

एक गोष्ट आधीच बोलून घेऊ

तरुण मंडळी मोबाईलवर 'लिव्हिंग सॉईल' असं शोधतात, तेव्हा समोर येणारी बरीचशी माहिती गांजाच्या घरगुती लागवडीची असते. काही देशांत आणि अमेरिकेतल्या काही राज्यांत घरात ठरावीक रोपं लावायला कायद्याने मुभा आहे. तिथल्या हौशी लोकांनी खोलीत, दिव्याखाली, सेंद्रिय मातीत झाडं वाढवण्याचे पुष्कळ प्रयोग केले आणि लिहून ठेवले. त्यामुळे हा प्रश्न आम्हाला दर वेळी कुणीतरी हळू आवाजात विचारतंच. उत्तर मोठ्याने देतो. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गांजाच्या झाडाची विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे. त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घरातली एखादी कुंडी म्हणून त्यात सूट नाही. तेव्हा त्या माहितीतलं झाड बाजूला ठेवा आणि मातीचं शास्त्र तेवढं घ्या. ते मेथीला, मिरचीला, टोमॅटोला तितकंच लागू पडतं.

आणि ते शास्त्र काही परदेशातून नव्याने आलेलं नाही. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला काम करत होते. शेतातला काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर लावून खत करण्याची जी पद्धत त्यांनी तिथे बसवली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. हिंदुस्थानातल्या शेतकऱ्यांकडून आपण शिकलो, असं ते स्वतः सांगत. पुढे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. थोड्याशा जागेत, पालापाचोळा आणि सूर्यप्रकाश यांचा हिशेब मांडून किती पिकवता येतं, हे त्यांनी सामान्य माणसाला स्वतः करून बघायला लावलं. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांचं पुस्तक पुष्कळांना माहीत असेल. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी उसाचं चिपाड आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरून गच्चीवर शेती केली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. म्हणजे शहरातली जिवंत माती आपल्याकडे होऊन गेलेली आणि चालू असलेली गोष्ट आहे.

जिवंत म्हणजे नेमकं काय

झाड पानात साखर तयार करतं. त्यातला बराच भाग ते मुळांवाटे मातीत सोडून देतं. फुकट नाही, हा व्यवहार आहे. त्या साखरेवर मुळांभोवती जिवाणू आणि बुरशी वाढतात. ते खतातला, पालापाचोळ्यातला नत्र, स्फुरद आपल्या शरीरात साठवतात. मग त्यांना खाणारे आणखी बारीक जीव येतात. या खाणाऱ्यांना जिवाणूंमध्ये असतो तेवढा नत्र लागत नाही, म्हणून जास्तीचा ते बाहेर टाकतात, तोही अगदी मुळाच्या तोंडाशी. झाडाचं जेवण असं तयार होतं. काही बुरशींचे धागे तर मुळांना जोडले जातात आणि मूळ पोचत नाही तिथून पाणी आणि स्फुरद आणून देतात.

म्हणून आम्ही सांगतो की झाडाला खाऊ घालायला जाऊ नका, मातीला घाला. बाटलीतलं खत म्हणजे झाडाला सलाईन लावल्यासारखं आहे. चालतं, पण मात्रा चुकली की झाडाला त्रास. जिवंत माती म्हणजे घरचा स्वयंपाक. उशिरा होतो, पण पोटाला लागत नाही.

तीन बादल्यांचं मिश्रण

आता प्रत्यक्ष कृती. दहा लिटरची साधी बादली हे आपलं माप. एका मोठ्या ग्रो बॅगेसाठी तीन बादल्या लागतात.

पहिली बादली धरून ठेवणाऱ्या वस्तूची. अर्धं कोकोपीट, अर्धी लाल माती आणि वर दोन मुठी काळी माती. कोकोपीटची वीट भिजवून दोनदा पाणी बदलून घ्या, त्यात क्षार असतात. आपल्या नाशिकची काळी माती शेतात सोनं आहे, पण कुंडीत नुसती काळी माती भरली तर पाणी घातल्यावर चिखल आणि वाळल्यावर वीट होते. तिची अन्न धरून ठेवण्याची ताकद मात्र मोठी, म्हणून दोन मुठी हव्यातच.

दुसरी बादली खताची. गांडूळखत, घरचं कंपोस्ट किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत. 'पूर्ण कुजलेलं' हे शब्द अधोरेखित करा. आमची स्वतःची पहिली पिशवी इथेच गेली. ताजं शेण चांगलंच असणार, या समजुतीने आम्ही ते थेट मिसळलं. आत कुजण्याची उष्णता वाढली आणि मिरचीची सहा रोपं आठवड्यात माना टाकून बसली. कुजलेल्या खताला शेणाचा वास येत नाही, मातीचा येतो.

तिसरी बादली हवेची. भाताचं तूस आणि विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, निम्मे निम्मे. घोटीकडे भाताच्या गिरण्या आहेत, तिकडे कुणी जात असेल तर तुसाचं एक पोतं मागवून ठेवा. नवशिके नेमकी हीच बादली टाळतात, कारण तूस आणि विटा त्यांना 'खत' वाटत नाहीत. पण मुळांना आणि मातीतल्या जिवांना श्वास घ्यावा लागतो. हवा नसली की मातीत कुजका, आंबूस वास सुटतो आणि मुळं सडतात.

या तीन बादल्यांत एक वाटी निंबोळी पेंड, अर्धी वाटी करंज किंवा शेंगदाणा पेंड, दोन चमचे अंड्याच्या टरफलांची बारीक पूड आणि दोन चमचे लाकडाची राख घाला. राख जास्त नको, माती अल्कधर्मी होते. आणि शेवटी विरजण म्हणून एखाद्या जुन्या, निरोगी झाडाखालची मूठभर माती. दुधाला विरजण लावतो तसंच हे.

इथे सातपूरकरांसाठी एक सूचना, आणि ही गंभीरपणे घ्या. आपण औद्योगिक वसाहतीत राहतो. माती फुकट मिळते म्हणून नाल्याच्या काठची, कारखान्यामागच्या भरावाची, भंगारच्या दुकानाजवळची किंवा जुन्या बांधकामाची माती उचलू नका. तेल, रंग, जड धातू डोळ्यांना दिसत नाहीत. कंपोस्ट केल्याने शिसं नाहीसं होत नाही, ते पालेभाजीवाटे किंवा पानांवरच्या धुळीवाटे ताटात येतं. ज्या जागेचा इतिहास तुम्हाला माहीत आहे, तिथलीच माती घ्या. रसायनांचे रिकामे ड्रम कुंडी म्हणून वापरणंही टाळा, ते कितीही धुतले तरी.

चार आठवडे काहीच लावू नका

मिश्रण ओलं करा. मुठीत दाबल्यावर लाडू वळावा, पण बोटांतून पाणी गळू नये. पिशवीत भरा, वर गोणपाट झाका आणि चार आठवडे थांबा. अधूनमधून ओल बघा, बाकी काही करू नका.

या चार आठवड्यांत आत काय चालतं? पेंडीवर जिवाणू तुटून पडतात. पहिल्या आठवड्यात हात घातलात तर माती कोमट लागेल. त्या काळात अमोनिया तयार होतो, तो कोवळ्या मुळांना जाळतो. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या अमोनियाचं झाडाला पचणाऱ्या नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. वर पांढरे धागे दिसले तर घाबरू नका, ती बुरशी कामाची आहे. शेवटी पहिल्या पावसासारखा वास यायला लागतो. तो वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, आणि ते मातीतले जीवच तयार करतात. वास आला आणि माती हाताला गार लागली की कोपऱ्यात मेथीचे वीस दाणे टाकून बघा. पंधरा-सोळा उगवले आणि रोपांच्या कडा जळाल्या नाहीत, तर तुमची माती तयार आहे. प्रयोगशाळेची गरज नाही.

बहुतेक जण दहाव्या दिवशी रोप लावून मोकळे होतात. रिकामी पिशवी बघवत नाही, घरातले विचारतात, "नुसती माती कशाला ठेवलीय?" त्यांना सांगा, दही लागतंय.

उजेडाचा हिशेब

घरात वाढवायचं तर उजेडाबद्दल आपले डोळे आपल्याला फसवतात. दिवा लावलेली खोली आपल्याला लख्ख वाटते, पण तिथे शे-दोनशे लक्स उजेड असतो. दुपारच्या उन्हात तो लाखाच्या घरात जातो. म्हणून टीव्हीशेजारच्या कुंडीतली कोथिंबीर लांबुळकी, फिकट होऊन आडवी पडते. ती उजेड शोधत असते.

आपली गॅलरी कुठल्या दिशेला आहे ते बघा. दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येतं, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. नाशिक कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे मेच्या शेवटापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला असतो. म्हणजे उत्तरेच्या गॅलरीलाही वर्षातून थोडे दिवस मिळतात. पश्चिमेची गॅलरी एप्रिल-मेमध्ये तापते, तिथे काळ्या पिशवीला गोणपाट गुंडाळा, नाहीतर मुळं शिजतात.

ऊन येतच नसेल तर साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब चालतील. वीस वॉटच्या दोन ट्यूब रोपांच्या वर वीतभर अंतरावर टांगा आणि रोज बारा तास लावा. चाळीस वॉट, बारा तास म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटच्या आत, महिन्याला चौदा-पंधरा युनिट. या उजेडात मेथी, पालक, कोथिंबीर होते. टोमॅटो आणि मिरचीला फळं धरायला याहून कितीतरी जास्त उजेड लागतो, त्यांना उन्हाचीच जागा द्या. जांभळ्या दिव्यांच्या महागड्या पेट्या घेण्याआधी एक मेथीची जुडी काढून दाखवा, मग ठरवा.

पाणी : वाफसा

शेतकऱ्याचा एक सुंदर शब्द आहे, वाफसा. मातीच्या कणांमध्ये पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी अवस्था. कुंडीतली रोपं तहानेने कमी आणि अति पाण्याने जास्त मरतात. बोट दोन पेरं आत घाला. ओल लागली तर झारी ठेवून द्या. चिकटत असेल तर दोन दिवस ठेवून द्या.

आपल्याला गंगापूर धरणाचं पाणी शुद्ध करून नळाला येतं. शुद्ध करताना घातलेलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतं, आणि आपण तर जंतू पाळतोय. बादली रात्रभर उघडी ठेवा, बरंचसं क्लोरीन उडून जातं. पिशवीखाली ताटली ठेवा. मातीचं पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेलं की बागेचा विषय सोसायटीच्या बैठकीत जातो! आणि भिजलेली एक पिशवी पंचवीस किलोच्या आसपास भरते. गॅलरीच्या कठड्यावर ठेवू नका, जमिनीवर भिंतीलगत ठेवा.

मातीवर कायम दोन बोटं आच्छादन हवं. सोसायटीच्या आवारात झाडून ढीग लावतात तो वाळका पाला, किंवा रसवंतीवरचं चिपाड बारीक करून, वाळवून. ओलं चिपाड गोड असतं, मुंग्या येतात. उघडी माती म्हणजे छप्पर नसलेलं घर.

चिलटं आणि जीवामृत

बारीक काळी चिलटं उडायला लागली की समजा, पाणी जास्त होतंय. वरचा इंचभर थर वाळू द्या, थोडी निंबोळी पेंड भुरभुरा, पिवळा चिकट कागद लावा. पंधरा दिवसांत कमी होतात. कीटकनाशक मातीत ओतलंत तर महिनाभराची मेहनत पाण्यात.

जीवामृताबद्दल नेहमी विचारतात. सुभाष पाळेकरांचं जीवामृत एकराच्या मापात सांगितलं जातं : दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती. याचा शंभरावा भाग करा. दोन लिटर पाणी, शंभर ग्रॅम शेण, पन्नास ते शंभर मिली गोमूत्र, वीस ग्रॅम गूळ, वीस ग्रॅम बेसन, चिमूटभर माती. दोन दिवस सावलीत, रोज दोनदा ढवळून. कुंडीला देताना दहापट पाणी घाला, महिन्यातून एकदा पुरे. मात्र हे शेणाचं द्रावण आहे हे विसरू नका. पानांवर फवारू नका, कच्च्या खायच्या पालेभाजीला देऊच नका. मेथी-कोथिंबिरीसारख्या महिनाभराच्या पिकाला त्याची गरजही नसते.

पीक काढल्यावर

पहिलं पीक मेथी घ्या, दुसरं चवळी, तिसरी मिरची. चवळीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. पीक संपल्यावर रोप उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळं आतच कुजतात आणि त्यांच्या जागी हवा-पाण्याच्या वाटा तयार होतात. वर दोन मुठी गांडूळखत, मूठभर पेंड, पुन्हा पाला, आणि पंधरा दिवस विश्रांती. माती उकरायची नाही, बदलायची तर नाहीच. बाजारची माती दुसऱ्या वर्षी थकते, ही माती दुसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा बरी होते.

खोटं आश्वासन देणार नाही. दोन-तीन पिशव्यांवर घराची भाजी भागत नाही. एका पिशवीतून मेथीची एखादी जुडी निघते, आणि पहिल्या वर्षीचा हिशेब मांडलात तर ती बाजारापेक्षा महाग पडते. पण घंटागाडीत जाणारी सालं-देठं घरातच जिरायला लागतात. ताटातलं थोडं तरी कुठल्या मातीतून आलं, हे तुम्हाला माहीत असतं. आणि दिवसभर यंत्राच्या वेगाने काम करून आलेल्या माणसाला, घाई केली तर बिघडणारी एक गोष्ट घरात मिळते. आमच्या मते ही कमाई लहान नाही.

तेव्हा आज घरी जाऊन रोप आणू नका. तीन बादल्या भरा. चार आठवड्यांनी पुन्हा भेटूच, येताना डब्यातून आपापली मूठभर माती आणा. सगळ्यांनी एकमेकांच्या मातीचा वास घेऊ, ज्याची बिघडली त्याची आधी चर्चा करू.